केंच्यासाठी उचललेला भंडारा

उमाजीच्या हाताला निंबर्ग्याच्या शिवारात कोण भीत नव्हतं? मेंढरं भ्यायची, कुत्री भ्यायची, आणि पोटचा पोरगा बिराप्पा तर सगळ्यांपेक्षा जास्त. माणूस वाईट नव्हता हो. कष्टाळू, शब्दाचा पक्का, दुसऱ्याच्या बांधावरची वाळली काडीसुद्धा न उचलणारा. पण राग आला की आधी हात उठायचा आणि कारण मग मागाहून सापडायचं. त्याची बायको अनसाबाई एवढंच म्हणायची, "त्येंचा सभावच तसला हाय." लग्न झाल्यापासून ती हेच म्हणत आली होती.

बिराप्पा आठ वर्षांचा असल्यापासून मेंढरांमागं जायचा. एकदा भर उन्हात बाभळीखाली त्याचा डोळा लागला आणि मेंढरं गावच्या पाटलाच्या, वीरभद्रप्पा गौडाच्या जवारीत शिरली. त्या दिवशीची खूण अजून त्याच्या भुवईवर आहे. पुढं एकोणीस वर्षांचा झाला, मिसरूड फुटलं, तरी मार चुकला नाही. शेवटचा मार आळंदच्या बाजारात, चार पाहुण्यांच्या समोर. लांडग्यानं दोन कोकरं उचलून नेली एवढाच गुन्हा. बिराप्पानं अंगावरची धूळ झटकली, खांद्यावरची घोंगडी काढून बापाच्या पायाशी ठेवली आणि जी वाट धरली ती शहाबादची. तिथं फरशीच्या खाणीत दगड फोडायला लागला. तेव्हा अजून म्हैसूर राज्य होतं. राज्याचं नाव बदलून कर्नाटक झालं तरी पोरगा घरी आला नव्हता.

वर्षातून एकदा, दिवाळीनंतरच्या बाजाराला, तो आळंदला यायचा आणि आईला भेटायचा. दोघं वडाच्या पाराला बसायची, चुरमुरे खायची, थोडं बोलायची. त्यानं तिकडंच लग्न केलं होतं, एक मुलगी झाली होती. अनसाबाईनं सुनेचं तोंड पाहिलं नव्हतं, नातीचं नाव फक्त ऐकलं होतं, गौरम्मा. पोरगं घरी यावं, नातीला मांडीवर घ्यावं, यापलीकडं त्या बाईला आता काही नको होतं. देवाला हात जोडले की तोंडातून तेच निघायचं.

आता कुत्र्याचं सांगतो.

त्या वर्षी लांडग्यांनी उच्छाद मांडला. चार महिन्यांत अकरा कोकरं गेली. उमाजीकडं कुत्री नव्हती असं नाही. एक होतं ते मार खाऊन खाऊन पळून गेलं. दुसरं होतं ते लांडग्याचा वास आला की घोंगडीखाली शिरायचं. असलं कुत्रं असून काय आणि नसून काय. शेवटी कुणीतरी सांगितलं, चिटगुप्प्याच्या अलीकडं राजूबाई म्हणून धनगराची बाई आहे, तिच्या कुत्रीची पिलं म्हणजे वाघ. राजूबाई अनसाबाईच्या मावशीच्या नात्यातली निघाली. म्हणून दोघं नवराबायको एसटीनं गेली.

राजूबाई पन्नाशीची, रांडावलेली, एकटीनं सत्तर मेंढरं राखणारी. मोजकं बोलायची. तिनं पिलू दाखवलं. दोन महिन्यांचं, तांबूस, कान पडलेले, पोट ढोलासारखं. उमाजीनं उचलायला हात पुढं केला तर बाईनं त्याचं मनगट धरलं.

"पिलू फुकट हाय," ती म्हणाली, "पर आमच्यात एक रीत हाय. माझ्या सासूनं घातलेली. भंडारा उचलून आण घ्यावी लागती."

तिच्या वाडग्याच्या, म्हणजे मेंढरं कोंडायच्या कुंपणाच्या, तोंडाशी बिरोबाचा दगड होता. तिनं त्याच्यापुढची हळद मूठभर घेतली आणि उमाजीसमोर धरली. "म्हण, ह्या पिलावर वर्सभर हात उगारणार न्हाई. काठी न्हाई, दगड न्हाई, शिवी सुदिक न्हाई."

उमाजी तडकला. "कुत्र्यासाठी भंडारा? अक्का, येड लागलंय का तुला?"

"मंग जा की माघारी. मी कुठं आडवायले?"

"मारल्याबगर कुत्रं शिकतंय व्हय?"

"मारून जे शिकतंय ते भ्या शिकतंय. भ्यालेलं कुत्रं लांडगा आला की पळतंय. तुझं पळालं न्हाई का?"

उमाजीनं एसटीच्या वाटेकडं पाहिलं. एसटीची वेळ होत आली होती, आणि तिकडं लांडगा कोकरं नेतच होता. त्यानं दात खात खात हळद उचलली आणि बाईनं सांगितलं तसं बोलला. अनसाबाई शेजारी उभी होती. तिला गंमत वाटली. घरी येईपर्यंत पदराआड हसत होती, एवढा मोठा गडी एका बाईपुढं कसा नमला म्हणून.

राजूबाईनं निघताना सगळं नीट सांगितलं होतं. पिलू घरात ठेवायचं नाही, कोकरांत ठेवायचं. त्यांच्यातच झोपू द्यायचं, त्यांच्या अंगाचा वास त्याच्या अंगाला लागू द्यायचा. नाव एकदाच हाकारायचं, दहादा नाही. आलं की लगेच मेंढीच्या दुधात बुडवलेला भाकरीचा तुकडा. चांगलं केलं की तुकडा, वाईट केलं की तोंड फिरवायचं. बास. बोलावून कधी रागवायचं नाही, नाहीतर पुन्हा येत नाही.

अंगाचा रंग बघून नाव ठेवलं केंच्या, कानडीत तांबडा. आणि मग निंबर्ग्याच्या लोकांना फुकटचा तमाशा मिळाला. उमाजीच्या चंचीत तंबाखूच्या जागी भाकरीचे तुकडे आले. ज्या माणसानं जन्मात बायकोला हाक मारताना आवाज खाली घेतला नाही, तो वाडग्याच्या तोंडाशी उकिडवा बसून "केंच्या" म्हणायचा, ते पण असं, जणू शेजारी कुणी निजलंय. पिलू धडपडत यायचं, तुकडा खायचं, त्याचं बोट चाटायचं. येणारे-जाणारे थांबून बघायचे. वीरभद्रप्पा गौडानं तर विचारलं, "उमाजी, कुणाला अंगाई गायलास रे?" उमाजी मान खाली घालून पुढचा तुकडा मोडत राहिला.

सोपं नव्हतं हो ते. एक दिवस पिलानं त्याची नवीकोरी वहाण चावून चावून तिची चिंधी केली. उमाजीनं बघितलं आणि त्याचा हात वर गेला. अनसाबाई चुलीपाशी होती, तिनं डोळे मिटून घेतले. आवाज आला नाही म्हणून डोळे उघडले तर नवरा दोन्ही हात मांडीखाली घालून बसला होता. घामानं डबडबला होता. तोंड दुसरीकडं फिरवून बसला होता आणि पिलू त्याच्याभोवती फिरत होतं, कुईकुई करत, आपलं काय चुकलं ते शोधत. घटकाभरानं त्यानं जुनी वहाण पिलासमोर टाकली, पिलू तिच्यावर बसलं, आणि ह्यानं तुकडा दिला.

तेव्हापासून अनसाबाईचं हसू आटलं. आपल्याला काय होतंय ते तिला धड सांगता आलं नसतं. केंच्या कोकरांशी खेळताना त्यांचे कान ओढायचा. उमाजी जाऊन त्याला उचलायचा, बाजूला ठेवायचा आणि निघून यायचा. पुन्हा ओढायचा, पुन्हा उचलून ठेवायचा. दिवसातून वीस वेळा. कंटाळा नाही, चढा आवाज नाही. मग एखाद्या दुपारी केंच्या कोकरांत शांत पडलेला दिसला की हा मांजराच्या पावलानं जाऊन तुकडा ठेवून यायचा. बिराप्पा रांगत होता तेव्हा ह्यानं त्याला एकदा तरी असं उचलून बाजूला ठेवलं होतं का? तिला आठवायचं नाही. कुत्र्याचा हेवा करायची वेळ आली म्हणून तिला स्वतःचीच लाज वाटायची.

पण बाईचं मन. हेव्यातनंच तिला आशा फुटली. माणूस बदलला, ती मनाशी म्हणाली. म्हातारपणी का होईना, निवला. आता पोरगं यायला काय हरकत?

दिवाळीनंतरच्या बाजाराला तिनं बिराप्पाला गाठलं आणि धरूनच बसली. "तुझा बाप पैला राह्यला न्हाई रे. कुत्र्यावर सुदिक हात उगारत न्हाई. एकदा येऊन बघ. तुझ्या डोळ्यानं बघ. न्हाई पटलं तर जा."

बिराप्पा चुरमुऱ्याचे दाणे बोटानं सारत होता. "खरं?"

"तुझी आण."

"येतो," तो म्हणाला. एवढंच. पण जाताना त्यानं विचारलं, "शिवी पण देत न्हाई?" ती म्हणाली, न्हाई. त्याच्या तोंडावर जे आलं ते तिला हसू वाटलं.

संक्रांत झाल्यावर एका दुपारी तो आला, एकटाच, खांद्याला पिशवी. बायकोला आणि पोरीला आणलं नव्हतं. अनसाबाईनं त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. पुंडीची, म्हणजे अंबाडीची, भाजी केली, भाकरी थापल्या, मधेच उठून त्याच्या पाठीवरून हात फिरवून यायची. सहा वर्षांनी पोरगं चुलीपुढं बसलं होतं. हात दगडासारखे झालेले, केसांत फरशीची भुकटी. "गौरीला कामून आणला न्हाईस?" तिनं विचारलं. "पुढच्या बारीला," तो म्हणाला.

दिवस कलला तशी मेंढरं आली. पुढं उमाजी, मागं केंच्या. केंच्या आता दांडगा झाला होता. उमाजीनं पोराला पाहिलं आणि जागच्या जागी थांबला. "आलास?" म्हणाला. "आलो," बिराप्पा म्हणाला. दोघांचं बोलणं तिथंच खुंटलं. मग उमाजीनं त्याला जे येत होतं ते केलं. कुत्रं दाखवायला लागला.

आणि कुत्रं होतंच दाखवण्याजोगं. उमाजीनं नुसती जीभ टाळूला लावून वाजवली, केंच्या फिरला, मागं राहिलेली दोन मेंढरं अंगानं ढकलत घेऊन आला, न भुंकता, न चावता. सगळी वाडग्यात गेली तसा तोंडाशी आडवा पडला. उमाजी गेला, शेजारी बसला, चंचीतून तुकडा काढला. "शाणा," म्हणाला, "माझा शाणा." केंच्यानं मान त्याच्या गुडघ्यावर टाकली.

बिराप्पा हे सगळं उभा राहून बघत होता. अनसाबाई त्याच्या तोंडाकडं बघत होती. बघ म्हणत होती मनात, बघ, मी खोटं बोलले का? पण पोराचं तोंड उजळायच्या ऐवजी काळवंडत चाललं होतं.

"अप्पा," तो म्हणाला, "हे कुणी शिकवलं तुमाला?"

उमाजीला कुणीतरी विचारलं याचाच केवढा आनंद. तो सांगत सुटला. राजूबाई, तिची रीत, हळद, सगळं. "मारलं की भ्या शिकतंय, इमान न्हाई," तो म्हणाला. "भ्यालेलं असलं की टायमाला पळतंय बघ." बोलता बोलता आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं आणि तो थांबला.

"म्हंजे भंडारा उचललाय म्हणून मारत न्हाईत?"

"व्हय."

"मारावं वाटत न्हाई?"

उमाजी शब्दाचा पक्का, हे आधीच सांगितलं; खोटं बोलणं त्याला येत नव्हतं. त्यानं आपल्या हाताकडं पाहिलं. "रोज वाटतंय," तो म्हणाला. "पर भंडारा हाय नव्हं. देवाचं काम."

बिराप्पा आत जाऊन ताटावर बसला. जेवला. भाजी चांगली झाली म्हणाला. बाप शेजारी बसला होता. शेवटी त्यानं आपल्या ताटातली कांद्याची फोड पोराच्या ताटात सरकवली. बिराप्पानं ती खाल्ली, पण मान वर केली नाही. अनसाबाईला वाटलं, होईल, हळूहळू होईल.

सकाळी उठून बघते तर पोरानं पिशवी भरलेली. बाप मेंढरं घेऊन गेला होता. ती फाट्यापर्यंत त्याच्या मागं मागं गेली. वाटेत म्हणाली, राहा की दोन दिवस. म्हणाली, बापाला पस्तावा झालाय रे, त्याला बोलता येत न्हाई एवढंच. तो चालत राहिला. फाट्यावर बाभळीच्या सावलीत उभं राहिल्यावर त्यानं पिशवी खाली ठेवली.

"माय, गौरीला मी मारतो," तो म्हणाला.

तिला वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही.

"तीन वर्साची हाय. पाणी सांडलं म्हणून मारलं. रडली म्हणून अजून मारलं. हात आपोआप उठतोय. मला तेवढंच येतंय. तू म्हणलीस अप्पा बदलला, म्हणून बघायला आलो. कसा बदलला ते बघावं, आपल्याला पण जमंल म्हणलं. त्येनं मन बदललं आसंल तर मला पण बदलता यील असं वाटलं." त्यानं भुवईवर हात फिरवला. "तर नुसता भंडारा निघाला."

"मंग तू पण उचल की," ती घाईनं म्हणाली. "आत्ता जाऊ राजूबाईकडं. मी येते संगं."

"उचलतो," तो म्हणाला. "उचलावाच लागंल. माझं बोलणं त्येच्यासाठी न्हाई." मग त्यानं पहिल्यांदा तिच्याकडं नीट पाहिलं. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "माय, एका बाईनं म्हणलं आन अप्पानं भंडारा उचलला. एका दिवसात. कुत्र्याच्या पिलासाठी. तू तर घरातच होतीस. तू कामून उचलायला लावला न्हाईस?"

"मी काय करणार रे," ती म्हणाली, "बाईमाणूस मी."

"राजूबाई पण बाईच हाय की."

लांबून एसटीची धूळ दिसली. त्यानं वाकून तिच्या पायाला हात लावला. स्वभावच तसला आहे, हे तिचं नेहमीचं वाक्य तोंडापर्यंत आलं आणि तिथंच मेलं. एसटी थांबली. तो चढला. खिडकीतून त्यानं हात केला, वाकडं काही मनात न ठेवता केला, आणि तेच तिला जास्त लागलं.

घरी आली तर उमाजी मेंढरं शेजारच्या भीमराजच्या हवाली करून केंच्याला घेऊन परत आला होता. दारात उभा. "गेला?" म्हणाला. ती त्याच्या बाजूनं आत शिरली. केंच्या तिच्या पायात आला, शेपूट हलवत, अंग घासत. तिच्या आत काहीतरी फाटलं. तीस वर्षं तिनं कुणावर हात टाकला नव्हता. कोपऱ्यातली काठी तिनं उचलली आणि डोक्यावर नेली.

"अनसे, भंडारा हाय," उमाजी ओरडला.

"तुमी उचललाय," ती म्हणाली. "मी न्हाई."

केंच्या पळाला नाही. दबला नाही, डोळे मिटले नाहीत. वर धरलेल्या काठीकडं त्यानं मान तिरकी करून पाहिलं, मग तिच्या दुसऱ्या हाताकडं पाहिलं, आणि तुकडा मिळायचा म्हणून समोर बसला. वर धरलेली काठी म्हणजे काय हेच त्या जनावराला ठाऊक नव्हतं. तिचा बिराप्पा दीड वर्षाचा होता तेव्हापासून, घरात कुणी नुसतं भांडं उचललं तरी कोपर डोक्यावर घ्यायचा. ती ते रोज बघायची. बघून भाकरी थापायची.

काठी तिच्या हातातून गळली. ती उंबऱ्यावर बसली आणि मोकळ्या गळ्यानं रडली. उमाजी जवळ आला, लांब उभा राहिला, पुन्हा जवळ आला.

"परत येतो म्हणला का?" त्यानं विचारलं.

"न्हाई."

"माझ्यामुळं," तो म्हणाला.

सहा वर्षं तिला हेच ऐकायचं होतं. तिनं पदरानं तोंड पुसलं.

"दोघांमुळं," ती म्हणाली. उमाजी तिच्या शेजारी खाली बसला. उन्हं दारातून आत आली तरी दोघांतलं कुणीही उठलं नाही, आणि त्या दिवशी चूल पेटली नाही.